टीसीपी, टीपी४ आणि धाकट्याची फाईल

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या धाकट्या भावाने त्याच्या कोथरूडच्या घरातला माळा रिकामा केला आणि सहा जाडजूड फायली रिक्षात घालून माझ्याकडे आणल्या. "ताई, तुझा रद्दीवाला महिन्याच्या महिन्याला येतो ना? त्याला हे देऊन टाक. आमच्या सोसायटीत कुणी फिरकत नाही." फायलींवर धुळीचा थर होता. त्याखाली त्याच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'ट्रान्सपोर्ट, वर्ग ०, २, ४'.

मी जन्मभर मराठी शिकवलं. 'वर्ग' हा शब्द दिसला की मास्तरणीचे कान टवकारतात. म्हटलं, "हे रे काय? पहिली-दुसरीचे वर्ग?" तो हसला आणि म्हणाला, "हरलेल्या पक्षाचा जाहीरनामा आहे तो. नको उघडूस."

नको म्हटलं की उघडायचं, ही आमच्या घराण्याची रीत. शिवाय त्या फायलींशी आमच्या घरातली एक जुनी, न बोललेली गोष्ट चिकटलेली आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून फायली रद्दीत न देता मी त्याला चार दुपारी चहाला बोलावलं आणि विद्यार्थिनीसारखी वही घेऊन बसले. नात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिचंही पुस्तक हाताशी ठेवलं. त्यातून मला जे कळलं ते इथे लिहिते आहे. माझ्यासारख्या बीए झालेल्या बाईला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

आधी मुळापासून. दोन कंप्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा मजकुराचे छोटे छोटे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घालून रवाना होतो. मधलं जाळं म्हणजे साधं टपाल. एखादं पाकीट गहाळ होईल, एखादं उशिरा येईल, दुसरं पहिल्याच्या आधी पोचेल. मग दोन्ही टोकांना एक दक्ष कारकून लागतो. तो पाकिटांवर क्रमांक घालतो, पोच मागतो, पोच आली नाही तर पाकीट पुन्हा पाठवतो आणि पलीकडे सगळं क्रमाने लावून देतो. या कारकुनाच्या कामाच्या नियमावलीला ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल म्हणतात. आज आपण मोबाईलवर बातम्या वाचतो, वीजबिल भरतो, तेव्हा बहुतेक वेळा हे काम करणाऱ्याचं नाव असतं टीसीपी. एके काळी त्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी होता. त्याचं नाव टीपी४. आणि १९८०च्या दशकात पैज लावायची झाली असती, तर जाणत्या लोकांनी टीपी४वर लावली असती.

टीसीपीचा जन्म अमेरिकेतला. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४च्या मे महिन्यात त्याची कल्पना एका शोधनिबंधात मांडली. पैसा तिथल्या संरक्षण खात्याचा. १९८१च्या सप्टेंबरात त्याचं पक्कं वर्णन निघालं आणि १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट हे त्यांचं जाळं जुनी पद्धत सोडून टीसीपी/आयपीवर गेलं. ठरलेल्या दिवसानंतर जुनं बंद! मला आमची शाळा आठवली. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना सरकारची मान्यता मिळाली आणि आमच्या पिढीने घोटून घोटून शिकलेले न उच्चारायचे अनुस्वार उडाले. त्या वेळी गुरुजींचाच हात सवयीने टिंब द्यायला वर जाई.

टीपी४चा जन्म समितीतला. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ साली सगळ्या जगासाठी, कुठल्याही कंपनीच्या कंप्युटरला चालेल अशी संपर्काची पद्धत आखायचं काम हाती घेतलं. तिला ओएसआय म्हणतात. १९८४ साली तिचा सात थरांचा आराखडा मानक म्हणून प्रसिद्ध झाला. खाली तार, वर माणसाच्या उपयोगाचा कार्यक्रम आणि मधोमध चौथा थर ट्रान्सपोर्टचा. त्या थरासाठी एक नव्हे, पाच वर्ग नेमले, शून्य ते चार.

पाच कशाला? हा प्रश्न मी विचारला तेव्हा धाकटा पहिल्यांदा खुलला. म्हणाला, "ताई, सगळं राजकारण त्या पाचांत आहे." युरोपात टेलिफोन म्हणजे सरकारी खातं. त्या खात्यांचं म्हणणं, जाळं आम्ही इतकं चोख चालवू की टोकाच्या कारकुनाला काही कामच उरणार नाही. त्यांनी १९७६ साली एक्स.२५ नावाचं आपलं मानक काढलं होतं. त्यात जाळंच क्रम आणि पोच सांभाळतं. कंप्युटरवाल्यांचं म्हणणं उलट. जाळ्यावर विश्वास ठेवू नका, जबाबदारी टोकाला ठेवा. फ्रान्सच्या लुई पूझाँने १९७०च्या दशकात सिक्लाद नावाच्या जाळ्यात ही दुसरी पद्धत चालवून दाखवली होती. टीसीपीनेही त्याच्याकडून घेतलं, टीपी४नेही घेतलं. म्हणजे भांडणारे दोघे चुलत भाऊच.

समितीने कुणालाच दुखावलं नाही. शून्य वर्ग टेलिफोन खात्यांच्या मनासारखा. जाळं विश्वासू आहे असं धरून हातावर हात ठेवून बसणारा. पहिला वर्ग जाळं मध्येच कोलमडलं तर पुन्हा सूत जुळवून घेणारा. दुसरा एकाच तारेवरून अनेक संभाषणं चालवणारा. तिसरा म्हणजे पहिला अधिक दुसरा. आणि चौथा वर्ग, टीपी४, कुणावरच भरवसा न ठेवणारा. सगळं स्वतः मोजणारा, तपासणारा, पुन्हा पाठवणारा. दोन टोकांनी बोलणं सुरू करताना कुठला वर्ग वापरायचा हे आपसांत ठरवायचं. लग्नाच्या बैठकीत सगळ्या पाहुण्यांचं ऐकून यादी केली की जशी होते, तशी ही यादी. कुणी रुसलं नाही, पण स्वयंपाक पाच प्रकारचा करावा लागला.

आता दोघा चुलत भावांची तुलना. मी वहीत दोन रकाने आखले होते. त्यातलं मला कळलेलं तेवढं सांगते.

टीसीपी पाकिटांना क्रमांक देत नाही, तर मजकुरातल्या प्रत्येक अक्षराला देतो. एखादं पाकीट हरवलं तर ती अक्षरं तो दुसऱ्या मापाच्या पाकिटातही भरून पाठवू शकतो. टीपी४ पाकिटाला क्रमांक देतो आणि हरवलेलं पाकीट जसंच्या तसं पुन्हा पाठवतो. बदल्यात त्याला एक गोष्ट छान जमते. लिहिणाऱ्याने जिथे निरोप संपवला तिथेच तो वाचणाऱ्यालाही संपलेला दिसतो. टीसीपीत सगळा मजकूर नळाच्या पाण्यासारखा सलग येतो. एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वरच्यांनी ओळखायचं. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर टीपी४ पूर्णविराम पोचवतो, टीसीपी पोचवत नाही.

निरोप घेण्याची रीतही वेगळी. टीसीपीत एक जण म्हणतो, माझं बोलून झालं. दुसरा आपलं उरलेलं बोलणं पुरं करतो, मग तोही म्हणतो, माझंही झालं. टीपी४ फोन ठेवून देतो. वाटेत असलेलं काही हरवलं तर हरवलं. सभ्यपणे निरोप घेण्याचं काम त्याच्या वरच्या थराकडे दिलेलं आहे. आणि दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना हाक मारली तर? टीसीपी त्या दोन हाकांचं एकच संभाषण करतो. टीपी४मध्ये दोन वेगवेगळी संभाषणं सुरू होतात.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकासाठी भांडण? हाच प्रश्न अमेरिकेच्या संरक्षण खात्यालाही पडला. तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने तज्ज्ञांची समिती नेमली आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये तिचा अहवाल आला. निष्कर्ष असा की दोन्ही प्रोटोकॉल कामाच्या दृष्टीने सारखेच आहेत आणि संरक्षण खात्याने पुढे टीपी४कडे वळावं. म्हणजे टीसीपीच्या माहेरच्याच तज्ज्ञांनी सांगितलं, आता जगाबरोबर जा. ऑगस्ट १९९० पासून तर अमेरिकी सरकारने आपल्या नव्या खरेदीत ओएसआय बंधनकारक केलं. युरोपातल्या सरकारांचाही कल तिकडेच होता.

आमचा धाकटा १९८६ साली मुंबईतल्या एका खाजगी कंपनीत लागला तो याच भरतीच्या लाटेत. परदेशी गिऱ्हाइकांसाठी ओएसआयचा ट्रान्सपोर्ट थर लिहायचं काम. पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजातला हुशार मुलगा, आणि काम सगळ्या जगाच्या मानकाचं. दर शनिवारी डेक्कन क्वीनने घरी यायचा आणि बाबांना कागदावर सात थर काढून दाखवायचा. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना पोच, रजिस्टर, परत आलेलं टपाल हे सगळं बरोबर कळायचं. एकदा म्हणाले, "म्हणजे तू पण पोस्टातच लागलास की!" ते वाक्य आमच्या घरात पुढे कितीतरी दिवस फिरत होतं.

त्याच काळात, त्याच मुंबईत, त्याच्या ऑफिसपासून काही मैलांवर दुसरी एक गोष्ट घडत होती. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ साली अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचं जाळं सुरू केलं. त्यात संस्था आठ. पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा विभाग स्वतः आणि जुहूचं एनसीएसटी म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. श्रीनिवासन रमणी हे या केंद्राचे प्रमुख. २०१४ साली त्यांचं नाव इंटरनेटच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. सुरुवात अगदी साधी होती. जुहू आणि पवई यांच्यात साध्या टेलिफोनवरून ई-मेलची देवघेव. दशकाच्या अखेरीस एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत तार जोडली गेली. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई ही अर्नेटची पहिली भाड्याची लाईन सुरू झाली. वेग सेकंदाला ९,६०० बिट. मराठी अक्षरांचा आजचा हिशेब धरला तर सेकंदाला चारशे अक्षरं. तुम्ही वाचताय तो हा लेख त्या लाईनवरून जायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागलं असतं, तेही लाईन एकट्या मला मिळाली असती तर.

माझ्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढे आहे. अर्नेटच्या या लाईनींवर दोन्ही पद्धती चालत होत्या. टीसीपी/आयपीही आणि ओएसआयही. एकाच रस्त्यावर दोन टपालखात्यांच्या गाड्या! कुणी कुणाला मनाई केली नव्हती. कागदावरच्या तुलनेपेक्षा ही तुलना मला जास्त खरी वाटते, कारण इथे वापरणाऱ्यांनी पायांनी मत दिलं. १९९५ पर्यंत अर्नेटवरची जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली होती. पुण्यात आयुका अर्नेटवर होतं. तिथल्या शास्त्रज्ञांच्या पत्त्यात 'आयुका डॉट अर्नेट डॉट इन' अशी शेपटी कितीतरी वर्षं होती. मुंबईत एनसीएसटीच्या यंत्रांची नावं 'साथी', 'शक्ती' अशी. मराठीच्या बाईला हे वाचून बरं वाटलं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा ते टीसीपी/आयपीवरच. सुरुवातीच्या वर्षांत इथे स्वस्त 'शेल अकाउंट' मिळे आणि चित्रं दिसायची असतील तर महागडं 'टीसीपी/आयपी अकाउंट' घ्यावं लागे. तेव्हा ज्यांच्या घरी ते आलं, त्यांना हे नाव त्यातला अर्थ न कळताही आठवत असेल. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनेही ओएसआयची सक्ती मागे घेतली.

पण टीसीपीकडे लोक वळले तरी का? मी धाकट्याला म्हटलं, दोघं सारखेच होते ना? तो म्हणाला, "सारखे कागदावर. आमचं मानक विकत घ्यावं लागायचं. कागदाचे पैसे मोजायचे, मग प्रत्येक कंपनीने आपापलं लिहायचं, मग चाचणी केंद्रात जाऊन पास व्हायचं. टीसीपीचं वर्णन कुणालाही फुकट. आणि १९८३ पासून बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये तो लिहूनच मिळायचा. लाव आणि चालव."

शिवाय चालत्या गाडीची दुरुस्ती चालता चालता होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात एक घटना घडली. बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ, मध्ये जेमतेम चारशे यार्डांचं अंतर. त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. गर्दी झाली की प्रत्येक कारकून पोच आली नाही म्हणून तेच पाकीट पुन्हा पाठवी आणि गर्दी आणखी वाढे. लक्ष्मी रोडवर गणपतीत जे होतं, तेच. व्हॅन जेकबसन या माणसाने त्यावर उपाय शोधला. पाकीट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे असं समजा, वेग एकदम कमी करा, मग हळूहळू वाढवा. १९८८ साली त्याचा निबंध आला आणि दुरुस्ती युनिक्सबरोबर घरोघर गेली. खोड सापडली ती वापरात, उपायही वापरातच तपासला गेला. १९८५च्या अहवालात ही गोष्ट कुठल्या रकान्यात मांडणार? दोन विद्यार्थ्यांचे गुण सारखे होते. पण एक जण रोज चुका करत आणि सुधारत होता, दुसऱ्याचं प्रगतिपुस्तकच अजून छापखान्यात होतं.

मात्र हरलेल्यांकडे अक्कल नव्हती असं कुणी समजू नये. १९८८ सालीच राज जैन आणि के. के. रामकृष्णन या दोन भारतीयांनी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत असताना वेगळा उपाय मांडला. पाकीट हरवण्याची वाट कशाला बघायची? वाटेतल्या नाक्याने गर्दी दिसताच पाकिटावर एक खूण करावी, म्हणजे पाठवणारा आधीच सावध होईल. ही कल्पना ओएसआयच्या जाळ्यात आली. आणि २००१ साली, रामकृष्णन यांच्याच सहभागाने, ती टीसीपी/आयपीच्या नियमांत दाखल झाली. म्हणजे हरलेल्या घरातलं भांडं जिंकलेल्या घरात अजून वापरात आहे.

आता ती न बोललेली गोष्ट. ऑक्टोबर १९९० मध्ये धाकट्याला त्याच्या टीपी४च्या चाचणीसाठी तीन आठवडे युरोपात पाठवलं. बाबा आजारी होते, पण इतके आहेत असं वाटलं नव्हतं. बाबाच म्हणाले, "जा. टपाल अडवून धरू नये." दुसऱ्या आठवड्यात बाबा गेले. निरोप पोचून, तिकीट मिळून तो घरी आला तेव्हा चौथा दिवस होता. चाचणीत त्याचं काम पास झालं होतं. ते प्रमाणपत्र सहाव्या फायलीत आहे. पुढे त्याच्या कंपनीने ते फारसं कुणाला विकलंच नाही, कारण कुणी मागितलंच नाही. १९९४ साली तो विभाग बंद झाला आणि धाकटा बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला. तिथे त्याचं चांगलं झालं. पण ओएसआय हा शब्द तो पुन्हा उच्चारत नसे.

चौथ्या दुपारी तो स्वतःहून म्हणाला, "ताई, काम चुकीचं असतं तर मी सोसलं असतं. काम बरोबर होतं. पण ज्याच्यासाठी बाबांना सोडून गेलो, ते कुणी वापरलंच नाही." मी काही बोलले नाही. अशा वेळी मास्तरकी करू नये, एवढं वयाने शिकवलं आहे.

मात्र नातीला राहवलं नाही. तिने रात्री बसून शोध घेतला आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना म्हणजे धाकट्याला घेऊन बसली. तिने सांगितलेलं मी नंतर दोन-तीन ठिकाणी पडताळून पाहिलं. ते खरं आहे.

एक म्हणजे शून्य वर्ग मेलेला नाही. १९८७ सालीच त्याला टीसीपीच्या खांद्यावर बसवायची युक्ती निघाली. जाळं विश्वासू हवं होतं ना त्याला? मग टीसीपीच ते विश्वासू जाळं! वीज उपकेंद्रांतली यंत्रं एकमेकांशी बोलतात तिथे ही जोडगोळी आहे. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पहिली हाक असते ती याच शून्य वर्गाची. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये माझा मुलगा शेजारच्या खोलीत बसून ऑफिसचा कंप्युटर चालवायचा. धाकट्याच्या फायलीतला पहिला भाग तेव्हा आमच्याच घरात रोज सकाळी नऊला हजर होत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दुसरं म्हणजे टीपी४. युरोपच्या आकाशात २८,५०० फुटांच्या वर उडणाऱ्या बहुतेक विमानांत २०२० पासून एक सोय असावी लागते. वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक रेडिओवर बोलण्याऐवजी छोटे लेखी संदेश पाठवतात. इतकी उंची घ्या, अमुक दिशेला वळा, मिळालं, करतो. त्या संदेशांची वाहतूक ओएसआयच्या नियमांनी होते आणि त्यांची पोच बघणारा कारकून आहे टीपी४. पुढे तिथेही आयपी येणार आहे, तसं ठरलेलं आहे. पण आज तरी तो कामावर आहे.

धाकटा बराच वेळ गप्प बसला. त्याची मुलगी जर्मनीत असते. दर डिसेंबरात फ्रँकफर्टहून मुंबईला येते. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "किती फुटांच्या वर म्हणालीस?"

यात त्याचं सांत्वन झालं, असं मी म्हणणार नाही. त्याने लिहिलेली एक ओळही त्या विमानांत नाही. ती त्याच नियमावलीवरून इतरांनी लिहिलेली आहे. आणि बाबांच्या वेळचा चौथा दिवस काही पहिला होत नाही. पण मला स्वतःला एक गोष्ट नव्याने कळली. आपण सहज म्हणतो, अमुक जिंकलं कारण ते चांगलं होतं. इथे दोन्ही चांगली होती, हे जाणत्यांनी तपासून लिहून ठेवलं आहे. एक जिंकलं ते लोकांच्या हाती आधी, फुकट आणि दुरुस्त करता येईल असं आलं म्हणून. दुसरं टिकलं ते जिथे पोच चुकून चालत नाही अशा जागी. शाळेत असताना मी किती मुलांना निकालावरून जोखलं असेल, हा विचार त्या रात्री मनात आला, आणि तो काही सुखाचा नव्हता.

नातीच्या पुस्तकात सात थर अजून आहेत. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. ज्या पद्धतीने जाळं चालत नाही तिच्या आराखड्यावरून मुलं चालणारं जाळं समजून घेतात, हेही गमतीचंच. 'वर्ग ४'ची फाईल तिने मागून घेतली. बाकीच्यांचं काय करायचं ते धाकट्याने ठरवलं. चार रद्दीवाल्याला दिल्या. कागद चांगला आहे म्हणून तो खूश झाला. सहावी, प्रमाणपत्राची, त्याने पिशवीत घालून परत नेली. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

असो. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या वर्षांत अर्नेटवर किंवा ओएसआयवर काम केलं असेल, तर जरूर लिहा. मी ते धाकट्याला वाचून दाखवीन. आणि माझं काही चुकलं असेल तर तेही कळवा. पोच देईन.